जोडीतला एक बिअर्डेड ड्रॅगन गेला, दुसऱ्याचं वागणं बदललं: पहिल्या तासापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत काय करायचं

दोन बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरडे, एका टँकमध्ये असतात. एक जातो, आणि चार दिवसांत दुसरा खाणं सोडतो, कोपऱ्यात पडून राहतो किंवा दिवसभर काचेवर पाय घासत बसतो. घरातले म्हणतात, "जोडीदाराची आठवण येत असेल बिचाऱ्याला, होईल हळूहळू ठीक." या एका वाक्यापायी दुसराही जातो.

माझ्याकडे जोडीतली मोती गेली तेव्हा मागे राहिलेल्या खंडूसाठी मी अकरा दिवस थांबले. दुःखात आहे, त्रास नको द्यायला, असं वाटलं होतं. बाराव्या दिवशी त्याला उचललं तर शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले होते आणि शीमधला पांढरा भाग (सरड्याची घट्ट लघवी) हळदीसारखा पिवळा झाला होता. तो वाचला, पण ते अकरा दिवस वाया गेले होते.

बिअर्डेड ड्रॅगन हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, एकट्याने राहणारा, आपली हद्द राखणारा सरडा आहे. सगळेच सरडे असे नसतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या स्लीपी लिझर्ड या सरड्याचा अभ्यास प्राणिशास्त्रज्ञ मायकल बुल यांनी १९८२ पासून अनेक दशकं केला. त्या जातीत नर-मादी वर्षानुवर्षं एकमेकांकडेच परत येतात. तो नियम बिअर्डेड ड्रॅगनला लागत नाही. त्याच्या वागण्यातला अचानक बदल म्हणजे आधी आजार, उष्णता, प्रकाश, अंडी आणि बदललेली जागा या पाच गोष्टी तपासायच्या. पाचही तपासून झाल्यावरच दुसरं काही मनात आणायचं.

खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. मधला टप्पा आधी केला की पुराव्यावर पाणी पडतं.

## हाताशी काय ठेवायचं

एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा (कणीक मोजायचा चालतो, पण नंतर तो स्वयंपाकघरात परत न्यायचा नाही). वायरच्या टोकाला प्रोब असलेला थर्मामीटर. पृष्ठभागाचं तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन. घट्ट झाकणाच्या दोन-तीन छोट्या डब्या, पांढरा टिश्यू पेपर, हातमोजे आणि एक वही. टँकच्या काचेला चिकटवायचा गोल थर्मामीटर असेल तर तो बाजूला ठेवा. तो काचेचं तापमान सांगतो, सरड्याच्या पोटाखालचं नाही.

## टप्पा १: खरंच गेलाय का, याची खात्री

हा टप्पा जवळजवळ सगळे सोडून देतात. बिअर्डेड ड्रॅगन थंडीत ब्रुमेशनमध्ये, म्हणजे हिवाळी झोपेत जातो. श्वास इतका मंद होतो की छाती हलताना दिसत नाही. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. त्यात दिवा बंद पडला असेल तर जिवंत प्राणीही हाताला गार आणि सैल लागतो.

त्याला तासभर २८-३० अंशांच्या उबेत ठेवा आणि मग पापणीला, बोटांना, गुदद्वाराजवळ हलका स्पर्श करून बघा. शंका राहिली तर डॉक्टरांकडे न्या. त्यांच्याकडे डॉपलर असेल तर ठोका ऐकू येतो. अंग ताठरणं, डोळे खोल जाऊन कोरडे पडणं, पोट हिरवट होणं, वास येणं ही पक्की लक्षणं.

> सावधान: खात्री होण्याआधी फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, पुरायचंही नाही.

## टप्पा २: देह पुरू नका, सांभाळा

मन मानत नाही, हे मला माहीत आहे. मोतीला आम्ही त्याच संध्याकाळी जास्वंदीखाली पुरलं आणि ती कशाने गेली हे आजही सांगता येत नाही. मागे राहिलेल्याला काय होऊ शकतं, हे सगळ्यात नेमकं सांगणारी गोष्ट गेलेल्याचा देह आहे.

देह ओल्या टिश्यूत गुंडाळा, दोन पिशव्यांत बांधा आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, एका डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला त्या उपयोगाच्या राहत नाहीत. चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत शवविच्छेदन व्हायला हवं. विदेशी प्राणी बघणारे डॉक्टर नसतील तर जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. मुंबईत परळला आणि नागपूरला अशी महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून सरडा घेतात का, ते विचारून घ्या.

## टप्पा ३: साफसफाईच्या आधी नमुने

बहुतेकांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. सरडा गेला की घाबरून त्याच दिवशी टँक रिकामा करतात, धुतात, वाळू बदलतात, लाकूड फेकतात, मांडणी बदलतात. यात शीचा नमुना जातो, म्हणजे पुरावा गेला. शिवाय मागे राहिलेल्याची ओळखीची जागा एका तासात नाहीशी होते. मग तो काचेवर पाय घासायला लागतो आणि आपण म्हणतो, जोडीदाराला शोधतोय.

त्याऐवजी हे करा:

१. टँकचे चारही बाजूंनी फोटो काढा. दिवे कुठे, किती उंचीवर, हे त्यात दिसू द्या.

२. सगळ्यात ताजी, ओली शी डबीत घ्या, झाकण लावा, तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा. चोवीस तासांत तपासायला द्या. कॉक्सिडियाचे (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचे) जंतू दर वेळी शीत उतरत नाहीत, म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने लागतात. पहिला 'निल' आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

३. मागे राहिलेल्याचं वजन घ्या, सकाळी, खाण्याआधी. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ३०० ते ५०० ग्रॅम भरतो. तुमच्या प्राण्याचा आजचा आकडा हा यापुढचा पाया.

४. गेल्या महिनाभरात घरात काय बदललं ते लिहून काढा. पेस्ट कंट्रोल झालं का? नव्या ठिकाणाहून किडे आणले का? रंगकाम? बागेतला पकडलेला किडा दिला का? काजवा तर नाही ना? उत्तर अमेरिकेतल्या फोटिनस काजव्यांपैकी एखादा खाऊनही बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याची नोंद आहे. मावळात, भंडारदऱ्याला जूनच्या सुमारास काजवे घरात शिरतात. आपल्याकडचे काजवे कितपत विषारी, याचा प्रयोग आपल्या प्राण्यावर करू नका.

हे झालं की मागे राहिलेल्याला टिश्यू अंथरलेल्या स्वच्छ, साध्या टँकमध्ये ठेवा. आत त्याची लपायची एक जुनी वस्तू जाऊ द्या. पांढऱ्या टिश्यूवर शीचा रंग, रक्त, न पचलेला किडा, सगळं दिसतं. वाळूत काहीच दिसत नाही.

## टप्पा ४: आधी मोजा, मग बदला

दोन प्राणी एकाच टँकमध्ये होते म्हणजे दोघांवर तोच दिवा, तेच तापमान, तेच पाणी होतं. पहिला त्याने गेला असेल तर दुसरा त्याच वाटेवर आहे, फक्त थोडा मागे. म्हणून नवा दिवा आणायला धावण्याआधी जुन्याचं मोजमाप वहीत उतरवा.

दिव्याखाली ऊब घेत बसायच्या दगडाचा पृष्ठभाग गनने मोजा: ३८ ते ४२ अंश हवा. थंड बाजूची हवा प्रोबने मोजा: २४ ते २८. रात्री १८ च्या खाली नको. दगडावर ३१-३२ च भरत असतील तर खाल्लेलं पचत नाही आणि भूक मरते. त्या प्राण्याला कसलंही दुःख झालेलं नसतं, त्याच्या पोटाला ऊब मिळालेली नसते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आर्द्रता बघा. या जातीला ३०-४० टक्के मानवते. जुलैत घरातली हवा ८० च्या पुढे जाते आणि श्वासाचे आजार तिथून सुरू होतात.

आता यूव्हीबी, म्हणजे सरड्याच्या हाडांना लागणारे अतिनील किरण. ट्यूब पेटलेली दिसते म्हणून ती यूव्हीबी देते असं नाही. हा किरण डोळ्यांना दिसतच नाही. टी-५ जातीची ट्यूब साधारण वर्षभराने आणि टी-८ जातीची सहा महिन्यांनी बदलावी लागते. ट्यूबच्या टोकाला मार्करने बसवल्याची तारीख लिहायची सवय लावा. आमच्या ट्यूबवर तारीख नव्हती. बिल शोधलं तेव्हा ती एकोणीस महिने जुनी निघाली. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. जाळीवर ठेवलेल्या ट्यूबचाही बराच भाग जाळी खाते.

> तपासा: दगड, थंड बाजू, रात्रीचं किमान तापमान, आर्द्रता, ट्यूबची तारीख. हे पाच आकडे वहीत आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: बदललेलं वागणं नीट वाचा

इथे घाई करू नका. एकच लक्षण दोन उलट गोष्टी सांगू शकतं.

अचानक भरपूर खातो, वर चढतो, तासन्‌तास ऊन घेतो. लोक याला 'वेडापिसा झालाय' म्हणतात. खरं तर बरेचदा ही सुटका असते. जोडीत एक वरचढ असतो. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसलेला फोटो आपण कौतुकाने ठेवतो. प्रत्यक्षात वरचा खालच्याची ऊब आणि प्रकाश अडवत असतो. वरचढ गेला की दबलेल्याला पहिल्यांदा दगड मिळतो. हे चांगलं लक्षण आहे. फक्त भूक उघडली म्हणून वाटीभर किडे ओतू नका.

पूर्वी दाढी काळी करून मान वर-खाली झटकायचा, आता शांत आहे. हा वरचढ होता. ज्याला दाखवायचं तो समोर नाही, म्हणून दाखवणं थांबलं. वजन आणि भूक ठीक असेल तर काळजी नको.

काचेवर सतत पाय घासतो. आधी बघा, काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय का? टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना बाहेरून कागद लावा. दोन दिवसांत थांबलं तर कारण सापडलं. नाही थांबलं तर तापमान, जागा आणि पुढचा मुद्दा बघा.

मादी आहे आणि जमीन खणतेय, बेचैन आहे, खात नाही. नर गेला म्हणजे अंड्यांचा प्रश्न संपला, असं समजू नका. मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते आणि तो गेल्यावरही फलित अंडी घालू शकते. नर कधीच नसला तरी ती निष्फळ अंडी घालते. तिला २०-२५ सेंटिमीटर खोल, ओलसर वाळू-मातीचा डबा लगेच द्या, मुठीत दाबली तर गोळा धरेल आणि पाणी गळणार नाही इतपत ओल ठेवा. तिथे तिला एकटं सोडा. खणून थकली, पोट फुगलेलं आहे, अंडी येत नाहीत, सुस्त पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर. अंडी अडकणं जिवावर बेततं.

झोपून असतो, लपतो, खात नाही. सगळ्यात फसवं लक्षण हेच. हिवाळ्यात, वर्षाच्या वरचा प्राणी, वजन जवळजवळ तसंच, डोळे भरलेले, उचलला की प्रतिसाद देतो: ब्रुमेशन असू शकतं. पण जोडीदार नुकताच गेला असेल तर शी तपासून अहवाल येईपर्यंत ते ब्रुमेशन मानायचं नाही. पोटात जंत घेऊन झोपी गेलेला प्राणी झोपेतच खंगतो.

हात दिसला की तोंड उघडतो, पळतो. गेल्या आठवड्यात तो हात किती वेळा आत गेला ते आठवा: देह काढायला, नमुना घ्यायला, फोटो घ्यायला, कुरवाळायला. वजन घेणं सोडून हातांना आठ दिवस सुट्टी द्या.

## टप्पा ६: डॉक्टरांकडे कधी आणि काय घेऊन

यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा: उन्हाच्या जागेपासून लांब असताना तोंड उघडून श्वास घेणं (गरम दगडावर बसून तोंड उघडणं नेहमीचं आहे), अंग किंवा बोटं थरथरणं, मागचे पाय ओढणं, जबडा मऊ लागणं, मान मागे टाकून छताकडे बघत राहणं, शीत रक्त, खोल गेलेले डोळे, दिवसभर काळी दाढी आणि सोबत सुस्ती.

आकड्यांत सांगायचं तर वजन १० टक्के घटलं की थांबायचं नाही. ४०० ग्रॅमचा प्राणी ३६० वर आला की निघा. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दोन-तीन दिवस खात नसेल तर वजनाचीही वाट बघू नका.

सोबत वही, टँकचे फोटो, शीची डबी आणि गेलेल्याचा अहवाल न्या. डॉक्टरांना तीन गोष्टी स्वतःहून विचारा: शीमध्ये कॉक्सिडिया, क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो, हाही आतड्यातला परजीवी) आणि जंत बघितले का? अॅडिनोव्हायरस या विषाणूसाठी पीसीआर चाचणी करता येईल का? कातडीवर पिवळट-तपकिरी खपल्या असतील तर त्या बुरशीच्या आहेत का? अॅडिनोव्हायरसवर औषध नाही. पण तो आहे हे कळलं तर हा प्राणी पुढे कधीच दुसऱ्याजवळ ठेवायचा नाही, हे नक्की होतं.

> सावधान: कुत्र्या-मांजराचं जंताचं औषध अंदाजाने देऊ नका. आयव्हरमेक्टिनचा डोस सरड्यात सहज चुकतो.

## टप्पा ७: पहिले दोन आठवडे

गार पडलेल्या प्राण्याला भरवू नका. आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. हा क्रम उलटला की पोटातलं अन्न सडतं. सिरिंजने जबरदस्तीने भरवणं डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय नको. तोंडाच्या कडेला पाण्याचे थेंब सोडा, चाटू लागला की थांबून थांबून द्या.

खाणं परत सुरू करायला हलणारा आणि रंगाचा पदार्थ लागतो. खंडूने आधी जास्वंदीची पाकळी खाल्ली, दुसऱ्या दिवशी किसलेला लाल भोपळा, चौथ्या दिवशी डुबिया झुरळ. शेवग्याचा पाला उत्तम. पालक रोज नको, तो कॅल्शियम बांधून ठेवतो. अवाकाडो कधीच नाही.

दिवे रोज ठरल्या वेळी लावा आणि ठरल्या वेळी बंद करा. वजन एक दिवसाआड, तेही सकाळी. रोज रोज उचलण्याचा ताण वजनापेक्षा महाग पडतो.

जुना टँक आता धुवा, शीचा अहवाल आल्यावर. विषाणू-जिवाणूंसाठी एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, दहा-पंधरा मिनिटं ठेवून भरपूर धुणं पुरतं. कॉक्सिडिया आणि क्रिप्टोला मात्र ब्लीच पुरत नाही, तिथे वाफ किंवा उकळतं पाणी लागतं. काचेवर एकदम उकळतं पाणी ओतू नका, तडकते. लाकूड, सालीचे तुकडे, कापडी झुला हे सरळ टाकून द्या. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका.

> तपासा: चौदाव्या दिवशी वजन स्थिर किंवा वाढतं आहे, दगडावर रोज बसतो, शी घट्ट आणि तिचा पांढरा भाग पांढराच आहे. तिन्ही जमलं असेल तरच जुन्या टँकमध्ये परत ठेवा.

## टप्पा ८: दुसरा आणायचा का?

एकटा पडला म्हणून आणू नका. दोन नर कधीच एकत्र नको. नर-मादी ठेवली तर मादीची अंडी घालून घालून हाडं झिजतात. दोन माद्याही एकमेकींची बोटं, शेपटी चावतात. तुम्हाला स्वतःला दुसरा हवा असेल तर ती इच्छा खरी आहे, पण त्याला वेगळा टँक, वेगळे चिमटे, वेगळ्या वाट्या, आणि आधी ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं. काम करताना आधी जुन्याचं करा, मग नव्याचं. दोन टँक शेजारी आले तर मध्ये पुठ्ठा लावा.

## नोंदणी आणि घरातली मुलं

तुमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन नसून हिरवा इग्वाना असेल तर तो साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि मृत्यूही कळवावा लागतो. देह फ्रीजमध्ये असतानाच शवविच्छेदनाचा कागद मागून घ्या. आणि घोरपड घरात ठेवता येत नाही, ती पहिल्या अनुसूचीत संरक्षित आहे.

मुलं मागे राहिलेल्याला समजवायला सारखी उचलतात, गालाला लावतात. सरड्यांच्या शीत साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी हात लावू नये, बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत. आमच्या मुलीला मी वही दिली. ती एक दिवसाआड सकाळी काट्यावरचा आकडा लिहायची आणि शेजारी खंडूने काय खाल्लं त्याचं चित्र काढायची. पंधराव्या पानावर ३८४ ग्रॅम आहेत आणि बाजूला जास्वंदीचं अर्धं खाल्लेलं फूल.